उदंड पावसाचं बेट

याकुशिमात महिन्याचे पस्तीस दिवस पाऊस पडतो, असं जपानात म्हणतात. आम्ही गेलो ते जूनमध्ये, ऐन त्सुयूत, म्हणजे त्यांच्या मृग-आर्द्रात. छत्तिसाव्या दिवसाचीही सोय करून, म्हणा ना.

बेट जपानच्या क्यूशू या मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकापासून साठेक किलोमीटर खाली आहे आणि नकाशावर जवळजवळ गोल दिसतं. मधोमध डोंगरांची दाटी. त्यातला मियानौरा-दाके १,९३६ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ तीनशे मीटर उंच, आणि समुद्रापासून थेट चढत गेलेला. कुरोशिओ या उबदार प्रवाहावरून दमट हवा येते, डोंगराला अडते, वर चढता चढता गार होते आणि तिथेच रिती होते. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर जे चालतं तेच इथे कमीजास्त बारा महिने चालतं. किनाऱ्यावर वर्षाला साधारण ४,५०० मिलिमीटर, आत डोंगरात ८,००० ते १०,००० मिलिमीटर. मी सावंतवाडीची, आंबोलीचा पाऊस बघत वाढलेली, त्यामुळे या आकड्यांनी दबून गेले नाही. नवरा सोलापूरचा. त्याच्या गावाचा पाच-सहा वर्षांचा पाऊस इथे नुसत्या किनाऱ्यावर एका वर्षात पडतो हे कळल्यावर तो बोटीतच गप्प झाला.

याकुशिमाला येणारे बहुतेक जण जोमोन-सुगी बघायला येतात. सुगी म्हणजे जपानी देवदार म्हणू या. या बेटावरचं सगळ्यात नावाजलेलं झाड ते. पहाटे निघायचं, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चालायचं, त्यातला बराच भाग जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या रुळांवरून, आणि दहा तासांनी गुडघे धरत परतायचं. वय किती, तर कमीत कमी दोन हजारांच्या वर आणि जास्तीत जास्त सात हजारांच्या आसपास. खोड आतून पोकळ असल्यामुळे नक्की मोजताच येत नाही. आमच्याही यादीत ते होतं. पण सकाळी डोंगर नावाची वस्तूच दिसत नव्हती. सगळीकडे एकच करडा रंग आणि कौलांवरून धो-धो पाणी. ज्या घरगुती खानावळीत उतरलो होतो तिथल्या आजींनी आमच्या बुटांकडे एकदा बघितलं आणि नकारार्थी हात हलवला. मग भाड्याची गाडी होतीच, तिला बाहेर काढलं.

गाडीबद्दल थोडं, कारण बरेच जण विचारतात. जपानात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. मूळ लायसन्स आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा. आम्हाला मिळाली ती केई, पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची, आगपेटीएवढी. बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा आहे. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघालं की समुद्र कायम डाव्या हाताला, आपल्याच बाजूला राहतो. मी चालवणार आणि नवरा नकाशा बघणार, असं ठरलं. नकाशात बघण्यासारखं काही नव्हतं. एकच रस्ता, गोल.

आन्बो गावातून आधी वर गेलो, किगेन-सुगीपर्यंत, कारण इतकं जुनं झाड गाडीतून उतरल्या उतरल्या बघता येईल अशी ही जागा. वय तीन हजार वर्षांच्या घरात. वाट आंबोली घाटाची आठवण करून देणारी, फक्त मक्याची कणसं आणि वाहनांचे कर्कश्श हॉर्न वजा करून. धुक्यात पुढचं वळण दिसेना तेव्हा मी काच खाली करून नुसतं ऐकत चालवलं. झाडापाशी पोचलो तर एक झाड असं काही नव्हतंच. बुंध्यावर शेवाळ, शेवाळात नेचे, फांद्यांच्या बेचक्यांत इतर जातींची चांगली मोठी झाडं मुळं रोवून उभी. मूळ मालक कोण आणि पोटभाडेकरू कोण ते वर मान करकरूनही कळेना.

तिथल्या कठड्याजवळच्या धोंड्यावर मी हात ठेवला. सगळं बेट बहुतेक ग्रॅनाइटचं आहे, दीडेक कोटी वर्षांपूर्वी खालून वर आलेलं. धोंड्यात पांढरे, बोटाच्या पेराएवढे आयताकृती स्फटिक अडकलेले असतात. फेल्डस्पार या खनिजाचे. पावसाने आजूबाजूचा दगड झिजतो आणि हे जरा वर उठून राहतात. अंगठा फिरवला की एकेक लागतो. धोंड्यावर माती मात्र नाही. जवळपासच्या मुळांखालीही बोटभर काळा थर, त्याखाली लगेच दगड.

नवऱ्याने तेव्हा विचारलं, "इतकं पाणी आहे तर हे लोक गडगंज का नाहीत?"

सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याच्या हिशेबात पाणी म्हणजेच पैसा. पाणी आलं की ऊस आला आणि उसामागून बाकी सगळं. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण उत्तर आमच्या घरात तीन पिढ्या राहत होतं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जांभ्यातून आणि उतारांवरून दोन दिवसांत खाडीला मिळतो, आणि मे महिन्यात त्याच गावात टँकर येतो. भात वर्षभर पुरायचं नाही म्हणून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि मागे राहिलेली मनीऑर्डरवर जगली. आजोबा चिंचपोकळीच्या चाळीत आयुष्य काढून गेले. त्यांच्या घराच्या परड्यातून चार महिने ओढा वाहत असे.

याकुशिमाची गोष्ट याच वळणाची, फक्त जास्त टोकाची. सपाट जमीन म्हणजे किनाऱ्याची चिंचोळी पट्टी. आत सगळा ग्रॅनाइट, त्यात झाडाला खायला फारसं काही नाही आणि जे आहे ते पाऊस धुऊन नेतो. सुगीच्या झाडांना पाणी हवं तेवढं आणि अन्न जेमतेम. म्हणून ती अतिशय सावकाश वाढतात. वाढ इतकी हळू की वर्तुळं एकमेकांना चिकटून बसतात, लाकूड घट्ट होतं, त्यात राळ भरते आणि ते सहजी कुजत नाही. हजार वर्षं पार केलेल्या झाडालाच इथे याकुसुगी म्हणतात. त्याखालच्याला कोसुगी, म्हणजे पोरसवदा. आठशे वर्षांचं झाड पोरसवदा! भरल्या पाण्यात अर्धपोटी राहिल्यामुळे ही झाडं टिकली, हे मला त्या धोंड्यावर हात ठेवून पटलं. नवऱ्याला नाही पटलं. तो म्हणाला, गरिबीचं एवढं कौतुक बरं नव्हे. त्याचंही बरोबरच आहे.

कारण गरिबीची किंमत झाडांनाही मोजावी लागली. सतराव्या शतकात बेट दक्षिण क्यूशूतल्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझू घराण्याच्या ताब्यात होतं. सारा भाताचा, आणि भात तर पिकत नाही. आन्बोचाच एक विद्वान, तोमारी जोचिकू, याने तोडगा सुचवला असं सांगतात. सुगीच्या फळ्या पाडून छपरासाठी घ्याव्यात आणि त्या साऱ्यात मोजाव्यात. अडचण अशी की डोंगर देवाचा आणि झाडंही देवाची, लोक हात लावायला तयार नव्हते. मग जोचिकू डोंगरात जाऊन राहिला आणि देवाची संमती घेऊन आला. रीत अशी सांगितली, की झाडाला रात्री कुऱ्हाड टेकवून ठेवायची. सकाळी ती पडलेली दिसली तर देवाची ना, तशीच उभी असेल तर खुशाल तोडा.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण हा तर चक्क कौल! आमच्याकडे देवाला तांदूळ नाहीतर कळे लावून उजवा-डावा बघतात. देवराईतलं झाड घ्यायचं तर कौलाशिवाय नाही. फरक इतकाच, की टेकवलेली कुऱ्हाड सहसा पडत नाही. जोचिकू हुशार माणूस असणार. त्याची समाधी आन्बोत आहे आणि लोक अजून त्याला मानतात, कारण त्याच्यामुळे गावाच्या पोटात भात गेला.

पुढची दोनेकशे वर्षं तोड चालली. त्या काळात निम्म्याहून जास्त याकुसुगी गेले असा अंदाज आहे. फळी पाडायची तर धागा सरळ हवा, म्हणून तोडणारे सरळसोट झाडं निवडायचे. वाकडी, गाठाळ, पीळ पडलेली राहून गेली. आज ज्यांच्यासमोर आपण फोटो काढतो ती सगळी सुताराने नापसंत केलेली. विसाव्या शतकात रेल्वे आली, मग चेन सॉ आला आणि त्याने वाकडं-सरळ बघितलंच नाही. डोंगरात कोसुगिदानी नावाची लाकूडतोड्यांची वस्ती होती, शाळेसकट. ती १९७०मध्ये उठली. १९९३मध्ये बेटाचा बराच भाग जागतिक वारसा झाला.

खाली उतरून दक्षिणेला वळलो. इथे पाऊस थांबला नव्हता, पण जात बदलली होती. वर बारीक आणि चिवट, खाली टपोरा आणि उबदार. तायनोकावा नदीवर दोन धबधबे आहेत. सेन्पिरो वरच्या बाजूला, एका अख्ख्या ग्रॅनाइटच्या उतारालगत, एरवी शांतपणे पडणारा म्हणे. त्या दिवशी तो पांढरा नव्हताच. चहाच्या रंगाचा लोंढा खाली येत होता आणि गाडीच्या काचा थरथरत होत्या. हीच नदी थोडी खाली जाऊन तोरोकीपाशी थेट समुद्रात उडी घेते. तिला खाडीबिडी करायला वेळच नाही.

कोशिमा गाव पटकन मागे पडतं, पण तिथे मी गाडी थांबवली. १७०८मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती नावाचा सिसिलीचा पाद्री या किनाऱ्यावर उतरला. ख्रिस्ती धर्माला जपानात बंदी, परक्यांना मज्जाव. त्यावर त्याने काढलेली युक्ती म्हणजे सामुराईचा वेष. डोक्याची बुचडी, कमरेला तलवार, नाक मात्र सिसिलीचं. लाकडं तोडणारा एक गावकरी त्याला पहिल्यांदा दिसला, आणि सिदोत्तीने खुणेने मागितलं काय, तर पाणी. या बेटावर! गावकऱ्यांनी त्याला पाणी पाजलं, जेवू घातलं, आणि अर्थातच वर कळवलं. नागासाकी, मग एदो, म्हणजे आजचं तोक्यो. तिथे अराई हाकुसेकी या राज्यकर्त्यांच्या विद्वान सल्लागाराने त्याच्याकडून युरोपची माहिती काढून घेऊन ग्रंथ लिहिला. सिदोत्ती १७१४मध्ये कैदेतच गेला. त्याची हाडं २०१४मध्ये तोक्योत एका बांधकामाच्या खोदकामात सापडली. किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे. भिजत वाचायला आम्ही दोघंच.

हिराउचीला समुद्रातलं गरम पाण्याचं कुंड आहे. ओहोटीच्या आगेमागे दोनेक तास खडकांत उघडं पडतं, मग परत बुडतं. बायका-पुरुष एकत्र आणि पोहण्याचे कपडे घालायचे नाहीत असा नियम. आम्ही वरून बघून घेतलं. भरती होती, असं घरी सांगायचं ठरलं.

नाकामा गावात मात्र मी चक्क चकित झाले. ओढ्याकाठी प्रचंड गाजुमारू उभा आहे, वडाचा सख्खा भाऊबंद, पारंब्यांच्या कमानीखालून वाट गेलेली. ज्येष्ठातला पाऊस आणि समोर पारंब्या, हात आपोआप दोरा शोधायला लागला. नवरा म्हणाला, "इथे मारू नकोस फेऱ्या, पुढच्या जन्मी जपानी शिकावं लागेल."

ओकोचा धबधबा ८८ मीटरचा. पायथ्यापर्यंत जाता येतं, पण त्या दिवशी वाहनतळावरूनच अंगावर तुषार येत होते. तिथून पुढे बेटाची बस जात नाही. पश्चिमेचा जंगलरस्ता सुरू होतो, सेइबु रिन्दो. रात्री फाटकं लावून बंद करतात. एकेरी रुंदीचा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, वर झाडांचा मांडव. वारसाक्षेत्राची हद्द समुद्रापर्यंत उतरते ती याच पट्ट्यात. लाटांच्या फवाऱ्यापासून सुरू होणारी गर्द सदाहरित झाडी चढत चढत सुगीपर्यंत आणि शिखराजवळच्या खुरट्या बांबूपर्यंत जाते.

गाडी वीसच्या वेगाने. पहिल्याच मोठ्या वळणानंतर रस्त्यात माकडं. याकुझारू, जपानच्या मुख्य बेटांवरच्या माकडांपेक्षा लहान, केस दाट. पंधरा-वीस जणांचं कुटुंब एका झुकलेल्या झाडाखाली दाटीवाटीने बसलं होतं. मी इंजिन बंद केलं. एका माकडिणीच्या पोटाशी मूठभर पिल्लू, कान उजेडात गुलाबी दिसणारे. तिचं सगळं लक्ष पुढे बसलेल्या थोराड माकडाच्या पाठीवर. ओले केस दोन्ही हातांनी दुभागायचे, वाकून बघायचं, काहीतरी चिमटीत पकडून तोंडात टाकायचं, पुढचा भांग पाडायचा. पिल्लाने तिच्या कोपराला धरून ओढलं तर न बघता त्याला परत जागेवर ढकललं. आमच्याकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. झाडाच्या खाली एक हरीण उभं होतं, याकुशिका, हेही आकाराने लहान. वरून माकडं अर्धवट खाल्लेली पानं-फळं टाकतात, खाली हरणं खातात, असा इथला जुना शेजारधर्म. वीस हजार माणसं, वीस हजार माकडं, वीस हजार हरणं, असं बेटाचं वर्णन पूर्वी करायचे. माणसं आता तेवढी नाहीत. तरुण मुलं कागोशिमाला नाहीतर त्याहून पुढे जातात. हेही ओळखीचंच.

नागाता गावाकडे उतरताना पाऊस थांबला. या बेटावर असंच असतं. एका बाजूला धो-धो, दुसऱ्या बाजूला रस्ता कोरडा. त्यातही ही पश्चिम बाजू कमी पावसाची. आडवाटेला १८९७चा दीपस्तंभ आहे. समोर बारा-तेरा किलोमीटरवर कुचिनोएराबू ज्वालामुखीचं बेट दिसायला हवं होतं, ढगात होतं. २०१५च्या मेमध्ये तो फुटला तेव्हा तिथल्या सगळ्या रहिवाशांना बोटींनी याकुशिमात आणलं होतं.

नागाताच्या इनाकाहामावर रात्री लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात, मे ते जुलै. उत्तर पॅसिफिकमधल्या त्यांच्या मोठ्या विणीच्या जागांपैकी ही एक. जपानी किनाऱ्यांवरची पिल्लं पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या बाजूला पोचतात आणि मोठी होऊन माघारी येतात. आम्ही दिवसा गेलो, कारण हंगामात रात्री किनाऱ्यावर मनाला येईल तसं फिरता येत नाही. वाळूत भरतीच्या रेषेपासून वर गेलेला एक रुंद माग होता, दोन्ही कडांना वल्ह्यासारखे ओरखडे. वेळासला मी ऑलिव्ह रिडलेचे माग बघितले आहेत, त्याच्या हा दीडपट तरी असेल. ही वाळू म्हणजेही तोच ग्रॅनाइट, पावसाने कुटून खाली आणलेला. गावकरी वर्षातून दोनदा डोंगरावरच्या देवाला जातात तेव्हा किनाऱ्यावरची अशीच वाळू बरोबर नेतात. देवाला चढवायची, आणि येताना रोडोडेंड्रॉनची फांदी आणायची.

जेवलो मियानौरा गावात. उडणारा मासा अख्खा तळून ताटात येतो, पंख पसरलेले, कुरकुरीत झालेले. पंख मोडून खायचे, चव पापडाच्या जवळपास. आन्बो हे या माशासाठी जपानभर प्रसिद्ध बंदर. पूर्वी इथला माणूस दहा दिवस डोंगरात, दहा दिवस समुद्रावर आणि दहा दिवस शेतात, असा महिना काढायचा म्हणतात. एकाच कामावर पोट भरत नसलं की असाच महिना होतो. आमच्याकडेही गणपतीआधी शेत, मग मासे, मग काजू.

आन्बोच्या पुलावर आलो तेव्हा अंधार पडत होता आणि पाऊस पुन्हा सुरू. गावात दिवे लागले होते. बेटाची जवळजवळ सगळी वीज याच नदीच्या पाण्यावर तयार होते. नवऱ्याला मी ही माहिती मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवली होती. तो खूश झाला. "बघ, पाण्याचा पैसा झालाच ना शेवटी!" मी म्हटलं, तीनशे वर्षं थांबावं लागलं. "थांबतात की," तो म्हणाला, "उजनीला आम्ही काय कमी थांबलो?"

गाडी टाकी भरून परत करायची होती. इथे पेट्रोल बोटीने येतं, म्हणून क्यूशूपेक्षा महाग. पंपावरचे काका साठीच्या पुढचे, पायात गमबूट. नळी लावून त्यांनी फडकं घेतलं आणि भर पावसात आमच्या चारही काचा पुसल्या, आरसेसुद्धा. पैसे घेतले, वाकले, धावत रस्त्यावर जाऊन येणाऱ्या एकुलत्या एका टेम्पोला थांबवलं आणि आम्हाला वाट करून दिली. नवरा मागे वळून हात करत राहिला. मी वायपर लावले, कारण काचा तोवर पुन्हा भिजल्या होत्या, आणि टेम्पोवाला आमच्यासाठी अजून थांबलेलाच होता.